मापाची सायकल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या पिढीतली बहुतेक माणसं सायकल शिकली ती आडव्या दांडीखालून पाय घालून. तासाच्या बोलीवर भाड्यानं आणलेली काळी सायकल बावीस इंची आणि शिकणारा आठ-नऊ वर्षांचा. सीटवर बसायचा प्रश्नच नसायचा. डावा हात हँडलला, उजवी काख दांडीवर, उजवा पाय त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर आणि सगळं अंग एका बाजूला लोंबकळत हाफ पायडल मारत जायचं. ज्या दिवशी दांडीवरून टांग टाकता आली त्या दिवशी मुलगा मोठा झाला असं घरात धरलं जाई. सदरा शिंप्याकडे माप देऊन शिवायचा, चपलेसाठी कागदावर पाऊल उमटवून द्यायचं. पण सायकलीचं माप? ते एकच. आपणच वाढून तिच्या मापाचं व्हायचं.

त्यामुळे जगात एक गाव असं होतं, जिथं सायकल घ्यायला गेलेल्या माणसाला आधी भिंतीशी उभं करून त्याच्या पायाची, हाताची, धडाची मापं घेत आणि मग सायकल ‘शिवायला’ घेत, हे मला कळलं तेव्हा थोडा हेवाच वाटला. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं. एकाच नगासाठी हत्यार बनवायचं म्हणजे काय, याची मला कल्पना आहे. म्हणून या गावाचा पिच्छा पुरवला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

गावाचं नाव लव्हाल्वा-पेरे. पॅरिसच्या वायव्य हद्दीला चिकटलेलं, तसं पाहिलं तर पॅरिसचंच उपनगर. धातूकाम या गावाच्या अंगात मुरलेलं. गुस्ताव्ह आयफेलचा कारखाना इथलाच. त्याच्या मनोऱ्याचे लोखंडी भाग इथं तयार होऊन पॅरिसला गेले. सायकलींवर पैसा मिळवून मोटारींकडे वळलेल्या अदोल्फ क्लेमाँ याचाही कारखाना इथं होता आणि तो पुढे सिट्रोएनकडे गेला. ही सिट्रोएनची बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ज्या गावात लेथवाले, मुलामावाले, पॉलिशवाले, रंगवाले हाकेच्या अंतरावर असतात, तिथंच एखाद्याला पूर्ण सायकल हातानं बनवायची बुद्धी सुचते. ओसाडगावी ती सुचत नाही.

पण सुरुवात पॅरिसला झाली नाही. ती झाली सेंत-एत्येनला. हे बंदुकांचं आणि रेशमी फितींचं गाव. १८८६ च्या सुमारास इथल्या गोतिए बंधूंनी सायकल बनवली. ज्या हातांना बंदुकीची नळी सरळ करायची सवय, त्यांना सायकलीची नळी काय जड! याच गावात पॉल द व्हिव्ही नावाचे रेशमाचे व्यापारी राहत. जन्म १८५३ चा. सायकलीचं वेड लागलं, धंदा मागे पडला आणि १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेलं मासिक काढलं. लिहायचे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानं. त्यांचा हट्ट एकच होता. सायकलीला एकापेक्षा जास्त गिअर पाहिजेत. डोंगर चढणाऱ्या माणसाला आणि सपाटीवर पळणाऱ्या माणसाला एकच दाताळं चाक पुरतं, हे त्यांना पटत नसे.

आज हे सांगायची गरज वाटत नाही, पण त्या वेळी यावरून चांगलीच जुंपली होती. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबनं एक चाचणी घेतली. २४० किलोमीटरचा डोंगराळ मार्ग. एका बाजूला एका गिअरची सायकल घेतलेला एदुआर फिशर हा नावाजलेला शर्यतपटू, दुसऱ्या बाजूला व्हेलोसिओंची तीन गिअरची ‘गोलुआज’ घेतलेली मार्त एस ही स्त्री. तिनं सबंध मार्गात पाय जमिनीला टेकवला नाही आणि फिशरला मागे टाकलं. यावर हेन्री देग्रांज काय म्हणाले असतील? हे गृहस्थ म्हणजे टूर द फ्रान्सचे जनक. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की गिअरबिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहे, जवान माणसानं स्नायूंच्या जोरावर जिंकावं. आपल्याकडे मिक्सर आला तेव्हा पाट्या-वरवंट्याची बाजू घेणारे जसे बोलत तसंच हे. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या सायकलींना मोकळीक मिळाली ती १९३७ साली. म्हणजे मार्त एसनं सिद्ध केलेली गोष्ट पटायला पस्तीस वर्षं गेली. व्हेलोसिओंना ते पाहायला मिळालं नाही. १९३० साली सेंत-एत्येनमध्येच ट्रामची धडक बसून ते वारले.

शर्यतवाले नाकं मुरडत होते, तोवर हौशी भटक्यांनी मात्र व्हेलोसिओंचं म्हणणं उचललं होतं. रविवारी पहाटे निघायचं, दोनशे-तीनशे किलोमीटर करून रात्री परत यायचं, सोबत शिदोरी, पावसाळी कोट आणि दिवा. यांना लागणारी सायकल बाजारात नव्हती. शर्यतीची सायकल हलकी, पण तिला मडगार्ड नाही, दिवा नाही, सामान ठेवायला जागा नाही. फिरायची सायकल घ्यावी, तर म्हशीसारखी जड. कारखानदारांचं म्हणणं असं, की हलकी केली तर मोडेल.

ते खोटं ठरवायला १९३४ साली पॅरिसच्या गिरिप्रेमी सायकलपटूंच्या मंडळानं एक स्पर्धा भरवली. स्पर्धा माणसांची नव्हती, सायकलींची होती. मला ही कल्पना फार आवडते. खराब, दगडधोंड्यांच्या डोंगरी रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी परीक्षकांनी ती उलटसुलट करून तपासायची. वजन कमी असेल तर गुण. पण दिवा बंद पडला, मडगार्डला तडा गेला, चाकाला आउट आली की गुण कापले. म्हणजे नुसती हलकी करून भागत नाही, ती टिकलीही पाहिजे. आमच्या टूलरूममध्ये असे परीक्षक असते तर अर्धे साहेब नापास झाले असते.

पुढे १९३६ साल उजाडलं. फ्रान्समध्ये लोकआघाडीचं सरकार आलं आणि त्यानं कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं दिली. आयुष्यात पहिल्यांदा हाती रजा आलेली हजारो जोडपी सायकली, टँडेम घेऊन समुद्राकडे, डोंगरांकडे निघाली. मापाच्या सायकलीला गिऱ्हाईक मिळालं ते असं. नुसती कारागिरी असून चालत नाही, कायदाही लागतो.

या काळात पुढे आलेलं नाव म्हणजे रने एर्स. जन्म १९०८. ब्रेगे या विमान कारखान्यात नव्या विमानांच्या नमुन्यांचे सुटे भाग ते बनवत. विमानात प्रत्येक ग्रॅम मोजून-मापून घालतात. हलकं अ‍ॅल्युमिनियम कुठे चालतं, कुठे दगा देतं, हे हातांना ठाऊक झालेलं. तीच विद्या त्यांनी सायकलीकडे वळवली. क्रँक, ब्रेक, हँडलची मान हे भाग ते स्वतःच्या आराखड्यानं, अ‍ॅल्युमिनियमचे करू लागले. १९३८ च्या स्पर्धेत त्यांनी आणलेल्या सायकलीचं वजन भरलं ७ किलो ९४० ग्रॅम. दिवे, मडगार्ड सगळं धरून! आपली काळी बावीस इंची वीस किलोंच्या आसपास असते. मग त्यांनी लव्हाल्वामध्ये दुकान मांडलं.

त्याच गावात १९३८ सालीच दुसरं दुकान उघडलं होतं, अलेक्स सिंगर यांचं. शिवणयंत्राच्या सिंगरचा याच्याशी काही संबंध नाही. हे मूळचे हंगेरीचे. १९४६ मध्ये, युद्धानंतर पुन्हा सुरू झालेल्या स्पर्धेत सिंगर यांच्या सायकलीनं वजनकाट्यावर ६ किलो ८७५ ग्रॅम दाखवले. आजही लाखभर रुपये मोजून घेतलेली, मडगार्ड-दिवा नसलेली सायकल बहुधा याहून जड निघेल.

आता हे लोक नेमकं करत काय? फ्रेंच लोक त्यांना ‘काँस्त्रुक्तर’ म्हणतात, म्हणजे रचणारा. नुसती फ्रेम बनवणारा वेगळा. तो फ्रेम हातात देतो, बाकीचं तुम्ही बाजारातून आणून लावा. काँस्त्रुक्तर मात्र सायकल सगळी एकत्र डोक्यात धरतो. कॅरियर कुठे बसणार, हे ठरवूनच चिमट्याला बारीक कान जोडायचे. म्हणजे कॅरियर पट्ट्यांनी आवळायला नको, बोल्ट थेट त्या कानात. दिव्याची तार बाहेर लोंबत न ठेवता फ्रेमच्या नळीतूनच न्यायची. पण हँडल तर वळतं, मग तार पिळवटून तुटेल. यावर त्यांनी डोक्याच्या नळीत कार्बनचा छोटा ब्रश बसवला, मोटारीच्या आर्मेचरला असतो तसा. वीज ब्रशवरून पलीकडे जाते, तारेला पीळ पडत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

नळ्यांचं सांगायचं तर, १९३५ मध्ये इंग्लंडच्या रेनॉल्ड्सनं ‘५३१’ या नावाचं मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद बाजारात आणलं. त्याची नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ. मध्ये अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, पोस्टकार्डाच्या दोन घड्या घातल्या तर जेमतेम तेवढी. टोकं जाड, कारण जोड तिथं येतो. जोड द्यायचा तो वेल्डिंगनं नाही, ब्रेझिंगनं. पोलाद वितळू द्यायचं नाही, फक्त लाल करायचं. मग पितळेची कांडी टेकवली की पितळ पातळ होऊन दोन पत्र्यांमधल्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढलं जातं. उष्णता कमी पडली तर पितळ आत शिरत नाही, बाहेरून जोड गुळगुळीत दिसतो आणि आतून पोकळ राहतो. जास्त झाली तर नळी जळते. जळलेली नळी त्या दिवशी मोडत नाही. दोन वर्षांनी, घाटाच्या उतारावर मोडते. म्हणजे या कामात चूक लपवता येते आणि फळ दुसऱ्याला भोगावं लागतं. कुठली उष्णता बरोबर, हे सांगणारा काटा त्या काळी नव्हता. लोखंडाचा रंग बघायचा. आमच्याकडे हार्डनिंगला एक मिस्त्री होते, ते भर दुपारी खिडकीला गोणपाट लावून खोली अंधारी करायचे. रंग नीट दिसावा म्हणून. लव्हाल्वातही कुणीतरी असंच गोणपाट लावत असेल.

हा ‘कुणीतरी’ मला छळतो. सायकलीच्या नळीवर सुबक अक्षरांत नाव असतं ते दुकानाचं. पण दुकानात मालक एकटा नसे. फ्रेम जोडणारे वेगळे, कानशीनं जोड घासून गुळगुळीत करणारे वेगळे, चाकं बांधणारे वेगळे, मुलामा आणि रंग तर अनेकदा शेजारच्या कारखान्यात. त्यांतल्या फारच थोड्यांची नावं राहिली. ज्याँ देब्वा यांचं नाव राहिलं, कारण ते एर्स यांच्याकडचे कारागीर आणि पुढे त्यांचे जावई. शर्यतीच्या जगात तर याहून वाईट चाले. मोठ्या कंपनीच्या संघातला शर्यतपटू आपली सायकल गुपचूप एखाद्या कारागिराकडून करून घेई आणि तिच्यावर कंपनीचा रंग, कंपनीचं नाव चढवी. मिलानचे फालिएरो मासी यांच्या हातच्या कितीतरी सायकली अशा परक्या नावानं जिंकल्या. कारागिरालाही ते चाले, पैसे मिळत. पण इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

आणि हे सगळं श्रीमंतांचं होतं का, असंही कुणी विचारेल. मीही विचारलं. किंमत साध्या सायकलीच्या कित्येक पट होती हे खरं. पण गिऱ्हाइकांत कारकून होते, शिक्षक होते, कारखान्यातले कामगारही. पैसे साठवून एकदाच घ्यायची आणि जन्मभर वापरायची, असा हिशेब. आपल्याकडे पैठणी घेत तसा.

एक गिऱ्हाईक तर तुम्हा वाचकांच्या जिव्हाळ्याचं. पॅरिसमध्ये छापखान्यातून वर्तमानपत्रांचे गठ्ठे स्टॉलवर पोचवायचं काम सायकलवाले करत. पुढच्या चाकावर मोठं कॅरियर, त्यावर ताजा अंक आणि गर्दीतून सुसाट. जो आधी पोचेल त्याचा पेपर आधी खपेल. या पेपरवाल्यांची दरवर्षी शर्यत होई. पुढे पंधरा किलोंचा गठ्ठा बांधून रस्त्यारस्त्यांतून पळायचं आणि लोक दुतर्फा उभे राहून ओरडायचे. या मंडळींच्या सायकली लव्हाल्वातल्या दुकानांतही बनत. भार पुढे असल्यामुळे चिमट्याचा कोन बदलावा लागे, नाहीतर हँडल हातात राहत नाही. हे गणित कारखान्यात एका मापानं हजारो नग काढणाऱ्याला परवडणारं नव्हतं.

युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं आणि सगळा फ्रान्स सायकलीवर आला. युद्ध संपल्यावर चार-पाच वर्षं या दुकानांची भरभराट झाली. मग ओहोटी लागली ती फार झपाट्यानं. १९४६ मध्ये सोलेक्स ही इंजिन लावलेली सायकल विक्रीला आली. पाठोपाठ रेनॉची छोटी मोटार आणि १९४८ च्या प्रदर्शनात सिट्रोएनची ‘दोन अश्वशक्ती’. ही शेवटची मोटार फ्रान्समधल्या शेतकऱ्यापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना परवडली आणि पगारी रजेत टँडेमवरून समुद्राकडे जाणारी जोडपी मोटारीतून जाऊ लागली. ती मोटार बनत होती कुठे? लव्हाल्वा-पेरेमध्येच. क्लेमाँच्या त्या जुन्या कारखान्यात, १९८८ पर्यंत. एकाच गावातल्या एका दारातून सायकल बाहेर पडत होती आणि दुसऱ्या दारातून तिची सवत.

एकेक करून बहुतेक दुकानं मिटली. एर्स १९७६ मध्ये गेले. त्यांची मुलगी लिली ही वडिलांनी बनवलेल्या सायकलीवर आठ वेळा फ्रान्सची विजेती ठरलेली. तिनं आणि देब्वांनी दुकान आणखी काही वर्षं चालवलं आणि मग तेही बंद झालं. २०१८ च्या जानेवारीत लिली वारल्या. सिंगर यांचं दुकान मात्र त्यांच्या पुतण्या-भाच्यांनी, चुका बंधूंनी, हाती घेतलं आणि ते पुढच्या पिढीकडे गेलं. गंमत म्हणजे ही विद्या जपली ती जपान्यांनीही. तिथं तोएईसारख्या कारखान्यांनी एर्स यांच्या सायकली समोर ठेवून तसंच काम सुरू केलं.

आता आपल्याकडे येऊ. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत, १२०० किलोमीटर, असा एक सायकलप्रवास आहे. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाला. १९३१ पासून हौशी लोकांनाही त्यात भाग घेता येऊ लागला. वेळ जास्तीत जास्त नव्वद तास, बक्षीस काही नाही. एर्स आणि सिंगर यांच्या सायकलींची खरी परीक्षा व्हायची ती या वाटेवर. अलीकडे तिथं भारतातून शेकडो लोक जातात आणि त्यांत महाराष्ट्रातले पुष्कळ असतात. आधी दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर ठरलेल्या वेळात करून पात्र व्हावं लागतं. माझा भाचा २०२३ च्या तयारीला लागला होता. चारशेच्या फेरीत, रात्री दोन वाजता, घाटात त्याचं विकतचं कॅरियर तुटलं. पिशवी चाकात अडकली. दैव म्हणून तो चढावर होता.

“मामा, तुम्ही ते फ्रेंच लोकांचं सांगत असता ना, मग करून द्या,” तो म्हणाला. त्यात थोडी थट्टा होती. मी मात्र ड्रॉइंग काढायला बसलो.

भोसरीत माझ्या ओळखीचा एक लेथवाला आहे, त्यानं कान आणि बूच काढून दिले. नळी दहा मिलिमीटरची, पातळ पोलादाची. गॅसवाल्यानं ती हातात घेऊन वाकवून पाहिली आणि परत दिली.

“काका, ही जळणार. चारशे रुपयांत नवं मिळतं की बाजारात.”

“ते मोडलं म्हणूनच आलोय.”

पहिली नळी जळली. दुसऱ्या वेळी पितळ आत शिरलंच नाही, कापून पाहिलं तर नुसती कड भरलेली. मग त्यानं बारीक नोझल लावलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तिसऱ्या खेपेला जमवलं. मी त्याला म्हटलं, खालच्या बाजूला तुझं नाव पंच कर. तो हसला, म्हणाला, कोण बघणार? पण अक्षरांचे पंच काढून त्यानं नावाची दोन अक्षरं ठोकली. पैसे सांगितलेल्यापेक्षा जास्त देऊ लागलो तर घेतले नाहीत.

भाचा ऑगस्टमध्ये ब्रेस्टला जाऊन आला, मुदतीच्या आत. घरी आल्यावर सायकल खोक्यातून काढली तेव्हा कॅरियरच्या डाव्या जोडावर केसासारखी रेघ दिसली. तुटलं नव्हतं, पण तडा होता. मी ते घेऊन भोसरीला गेलो. गॅसवाल्यानं ते उजेडात धरलं, अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाला, “इथं माझी आच जास्त झाली होती. मला तेव्हाच वाटलं होतं.” मग चष्मा लावला आणि शटर अर्धं खाली ओढलं.